अर्थ माहीत नसल्याचा दाखला

काकांची आणि त्या शब्दकोशाची पहिली भेट रद्दीच्या दुकानात झाली आणि ती सर्वस्वी शब्दकोशाने घडवून आणली. काका आपले खाली वाकून जुने टाइमटेबल चाळत होते. तेवढ्यात वरच्या फळीवरून सातशे पानांचा, जाड बांधणीचा तो ग्रंथ सुटला आणि थेट त्यांच्या टाळूवर येऊन बसला. काका ही हकीकत सांगायला लागले त्या पहिल्या वर्षी फळी डोक्याच्या हातभर वर होती. तिसऱ्या वर्षी ती माळ्याला टेकली. पाचव्या वर्षी तिथवर पोचायला दुकानदाराला शिडी लागायला लागली. नवव्या वर्षी तर पुस्तक पडत नसे, झेपावत असे. पानं पंखांसारखी फडफडत, दुकानात दोन वळणं घेऊन, इतर चार गिऱ्हाइकांना नापास करून ते काकांना येऊन भिडे. टाके तीनवरून सुरू झाले होते, ते अकरापर्यंत गेले. पुढे काका शुद्धीवर येत तेव्हा पुस्तक त्यांच्या छातीवर उघडं पडलेलं असे आणि दुकानदार त्यांच्या तोंडावर पाणी मारत असे.

काकू त्या वेळी शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्या आठवणीप्रमाणे फळी कमरेएवढी होती, काका तिच्यावर कोपर टेकून उभे होते, आणि पुस्तक पडलं ते पायाच्या अंगठ्यावर.

"मग डोक्यावरची खूण कसली?" असं कुणी विचारलं तर काकू म्हणत, "ती होय? ती आमच्या लग्नाच्याही आधीची. उघड्या कपाटाच्या दाराला नमस्कार केला होता यांनी."

पडताना पुस्तकाचा कोपरा दुमडला, म्हणून दुकानदाराने ते त्यांच्या गळ्यात मारलं. घरी आणून बघतात तर शब्दकोश माओरी भाषेचा. समुद्रात कुठेतरी लांब पॉलिनेशियन बेटं आहेत, तिथल्या भाषांपैकी ही एक. पानाच्या डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला इंग्रजीत अर्थ. काकांच्या घरात कुणाला त्या भाषेची गरज पडेल असं दिसत नव्हतं. पण जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याला मात्र पुस्तकाची नितांत गरज होती. दोन वर्षं त्या शब्दकोशाने घरातली आमटी सांडू दिली नाही.

ही सगळी हकीकत नातेवाइकांसाठी होती. कारखान्यात मात्र काकांनी त्या पुस्तकाचा कधी चकार शब्द काढला नव्हता. त्याला कारण होतं.

कारखाना प्लास्टिकच्या खेळण्यांचा. काका तिथे तळघरात, खोक्यांच्या विभागात. कुठलं खेळणं कुठल्या खोक्यात बसेल आणि अशी किती खोकी एका मोठ्या खोक्यात बसतील, हे ठरवणं त्यांचं काम. डोक्यावरचे केस अठ्ठाविसाव्या वर्षीच निरोप घेऊन गेल्यामुळे त्यांना त्याच वर्षी काकापद मिळालं होतं. वरिष्ठही काका म्हणत. त्यांच्याहून वयाने मोठा असलेला दारावरचा पहारेकरीही काकाच म्हणे. वीस वर्षं मोजमाप करून काकांची नजर अशी तयार झाली होती की घरी आलेला पाहुणा दारात दिसला की तो कुठल्या मापाच्या खोक्यात मावेल हे त्यांना आधी दिसायचं आणि मग त्याचा चेहरा.

अशात मोठ्या साहेबांना बेटांचे वीर सुचले. खांदे, कोपर, गुडघे सगळं वळणारे, तोंडावर मुखवटे घातलेले वीतभर उंचीचे योद्धे. प्रत्येक जण एकेका काल्पनिक बेटाचा रक्षक. साचे तयार झाले, रंग ठरले आणि गाडी नावांपाशी येऊन रुतली. नावं ठरवायला सात जणांची समिती बसली. तीन आठवडे बसली. बाहेर आलेली नावं अशी होती की ऐकणाऱ्याला वाटावं, ही दिवसातून तीनदा जेवणानंतर घ्यायची आहेत.

त्यात वकीलबाईंचा एक नियम होता. वकीलबाई म्हणजे कारखान्याच्या कायदेशीर बाजूच्या एकमेव रखवालदार. कधीकाळी कारखान्याच्या एका बाहुलीचं नाव आणि एका साबणवाल्याच्या थोरल्या मुलीचं नाव एकच निघालं होतं, आणि वर्तमानपत्रात चौकटीतली माफी छापावी लागली होती. तेव्हापासून वकीलबाई म्हणत, "नावाला अर्थ असता कामा नये. अर्थ आला की त्याच्यामागून त्याचा मालक येतो. मालक आला की नोटीस येते. मला बिनअर्थाचं नाव द्या, मी शांत झोपेन."

काका समितीच्या खोलीत खोक्याचे नमुने ठेवायला गेले होते. सात माणसं कपाळाला हात लावून बसलेली बघून त्यांना वाईट वाटलं. त्याच सकाळी पडलेला चमचा उचलायला ते टेबलाखाली शिरले होते, आणि उघड्या पडलेल्या पानावरचा एक शब्द त्यांच्या डोळ्यांत घुसून बसला होता.

"रेकेरेके," काका म्हणाले.

साहेबांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "रेकेरेके!" त्यांनी मूठ उगारून म्हटलं. मग टेबलावर हात आपटून म्हटलं. "अरे, हा माणूस इतके दिवस खाली तळघरात काय करतोय?"

"अर्थ काय त्याचा?" वकीलबाईंनी विचारलं.

"माहीत नाही," काका म्हणाले. ते अक्षरशः खरं होतं. उजव्या बाजूच्या अर्थावर टेबलाचा पाय टेकला होता.

"नक्की माहीत नाही?"

"आईशप्पथ."

"मग तसं लिहून द्या. तीन प्रतींत."

अशा रीतीने जगातला पहिला 'अर्थ माहीत नसल्याचा दाखला' तयार झाला. 'मी खाली सही करणार असं लिहून देतो की, वरील नावाचा अर्थ मला माहीत नाही, पूर्वी माहीत नव्हता आणि तो माहीत करून घेण्याचा मी प्रयत्न केलेला नाही.' काकांनी सही केली, आणि पुढच्या सोमवारी तळघरातून दुसऱ्या मजल्यावर चढले. खिडकीची खोली, फिरती खुर्ची, दारावर पाटी: नामकरण विभाग. विभागात माणूस एकच. पण पाटी पितळेची होती आणि ती पुसायला काका घरून फडकं आणत.

दुसरा एखादा असता तर दाखल्यावर डोळे मिटून सही करून मोकळा झाला असता. काका तसले नव्हते. ज्या कागदावर सही केली तो खोटा ठरला तर पोलीस घरी येतात, अशी त्यांची लहानपणापासून पक्की समजूत होती. त्यामुळे अर्थ खरोखरच माहीत होता कामा नये! त्यांनी पुठ्ठ्याची चार बोटं रुंद पट्टी कापली. खोक्यांच्या विभागातली सगळी विद्या पणाला लावून अगदी काटेकोर कापली. शब्दकोश टेबलाखालून काढला (त्या जागी काकूंनी वीट ठेवली), आणि जे पान उघडायचं त्याच्या अर्थाच्या बाजूवर ती पट्टी दोन रबरबँडांनी बसवायला सुरुवात केली. पान उलटताना मधल्या क्षणी अर्थ डोळ्यांत शिरू नये म्हणून तेवढ्यापुरते ते छताकडे बघत.

शब्द निवडला की तो न्हाणीघरात नेत. रिकाम्या बादलीत तोंड घालून मोठ्यांदा म्हणत. घुमला तर वीर, नुसता वाजला तर वीराचा मदतनीस, आणि घुमून परत येताना अंगावर काटा आला तर खलनायक.

"अहो, बाहेर या," काकू दारावर थापा मारत. "दूधवाला विचारतोय, साहेबांची तब्येत बरी नाही का म्हणून."

"एकच मिनिट. हा राक्षस होतोय की नाही तेवढं बघतो."

हामारारा हा असाच बादलीतून निघाला. अंधाराचा सम्राट, डोक्याला चार शिंगं, पाठीला काळा झगा. बादलीतून त्याचा आवाज असा आला की काका स्वतःच दोन पावलं मागे सरले. मग बर्फाच्या बेटाचा हूपे आला. कधीही न झोपणारा राक्षस मोएंगा आला. दोन तलवारींचा तारिंगा आला. वर्षाला तीसेक नावं, अकरा वर्षं. तीनशे बारा नावं आणि तीनशे बारा दाखले. मुलं खेळण्यांवर तुटून पडली होती. काकांच्या मेहुण्याचं खेळण्यांचं दुकान नव्हतं, नळदुरुस्तीचं होतं, पण त्याच्याकडेसुद्धा लोक हामारारा आहे का म्हणून विचारून जात.

"भाऊजी," मेहुणा म्हणे, "लोक एका पोराचं नाव ठरवताना सहा महिने भांडतात. तुम्ही महिन्याला तीन ठरवता, आणि त्यातलं एकही रडत नाही. धन्य आहे."

आता ती न सांगितलेली गोष्ट. खुर्ची मिळाल्यावर महिनाभरात साहेब काही पाहुण्यांना घेऊन खोलीत आले होते. "हे आमचे काका," साहेब म्हणाले. "सगळी नावं यांच्या डोक्यातून निघतात." काकांनी 'नाही हो, एक पुस्तक आहे' असं सांगायला तोंड उघडलं. पण पाहुण्यांतल्या एक बाई त्यांच्या टकलाकडे इतक्या भक्तिभावाने बघत होत्या की काकांना तोंड मिटावं लागलं. एकदा मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर 'काल का नाही बोललात' हा प्रश्न आला. वर्षाने सांगायचं तर तो प्रश्न वर्षाएवढा झाला. आणि काकांना हिशेब साधा दिसत होता. डोकं काकांचं होतं, पण पुस्तक कुणीही उघडू शकतं. पुस्तक बाहेर आलं की विभाग बंद, पाटी खाली आणि काकाही खाली, तळघरात. पुस्तक कचेरीतल्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, कुलपात राहत होतं. किल्ली काकांच्या गळ्यात.

अकराव्या वर्षी एक पत्र आलं. शहरात राहणाऱ्या बेटांवरच्या मंडळींच्या संघाने ते लिहिलं होतं. पत्र सभ्य होतं, आणि म्हणूनच वकीलबाई जास्त घाबरल्या. 'तुमच्या खेळण्यांवर आम्हाला आमचे शब्द दिसतात. ते तुमच्याकडे कसे आले, कुणाला विचारून आले, हे समजून घ्यायला आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका गुरुवारी येतील.'

"काका, ही नावं तुम्ही कुठून आणलीत?" वकीलबाईंनी दार लावून घेत विचारलं.

"सुचली."

"तीनशे बारा नावं, सगळी एकाच भाषेतली सुचली?"

"ओघात सुचली."

"समुद्रापलीकडच्या भाषेत ओघ आला तुम्हाला?"

"आता ओघ काय, कुठूनही येतो," काका म्हणाले, पण त्यांच्या आवाजातला ओघ आटला होता.

"गुरुवारपर्यंत आठवून ठेवा कुठून आला ते. साहेब म्हणालेत, नावांचं काही वेडंवाकडं निघालं तर या विभागाचा विचार करावा लागेल."

त्या रविवारी दुपारी काकांनी शब्दकोश पिशवीत घालून घरी आणला आणि टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. मेहुणा मोरीचा नळ बघायला आला होता. त्याने एकंदर प्रकार ऐकला आणि पाना खाली ठेवला.

"एवढंच ना? पट्टी काढा, अर्थ वाचा, तयारीने जा. बाई काही विचारायच्या आत तुम्हीच सांगा."

"आणि दाखले? तीनशे बारा दाखल्यांवर लिहिलंय की माहीत करून घेण्याचा प्रयत्न केलेला नाही. गुरुवारी त्यांनी मला विचारलं, काका, खरं सांगा, माहीत आहे का? तर मी काय सांगू?"

"मग मी वाचते," काकू म्हणाल्या. "मी कुठे सही केलीय?"

यावर काकांना कायदेशीर आक्षेप सापडेना. शेवटी असं ठरलं की काकूंनी वाचायचं आणि काकांनी ऐकायचं नाही. काका कानांत कापसाचे बोळे घालून, वरून उशी आवळून, खिडकीकडे तोंड करून बसले. काकूंनी पट्टी बाजूला केली, चष्मा लावला आणि यादीतला पहिला शब्द काढला. अर्थ वाचून त्या जरा थबकल्या. दुसरा काढला. तिसऱ्याला त्यांनी तोंडाला पदर लावला. चौथ्याला मेहुणा खांद्यावरून डोकावला आणि "अगं बाई गं" म्हणून जमिनीवरच बसला.

"ताई, हामारारा काढ, हामारारा!"

काकूंनी काढला. मग घरातून जो आवाज निघाला तो दोन उशा आणि पाव किलो कापूस असता तरी थांबला नसता. काकांना शब्द कळत नव्हते, पण पाठीमागे आपली बायको टेबलावर हात आपटून हसतेय आणि मेहुणा नळाचा पाना पोटाशी धरून लोळतोय, हे खिडकीच्या काचेत स्वच्छ दिसत होतं.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"अहो, एक तरी सांगू द्या! हूपेचा एकच!" काकू उशी ओढत म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"खबरदार!" काका ओरडले आणि उशीसकट न्हाणीघरात गेले.

गुरुवारी शिक्षिकाबाई आल्या त्या ठणठणीत, उंचपुऱ्या, हातात कोरीव काठी घेऊन. लेकाकडे राहून त्यांना इथे वीस वर्षं झाली होती आणि इथली भाषा त्या इथल्यांपेक्षा स्पष्ट बोलत. साहेबांनी त्यांना काचेच्या कपाटासमोर नेलं. आत सगळे वीर रांगेत उभे होते, पायाशी नावाच्या पट्ट्या. वकीलबाई फाइल घेऊन उजवीकडे, काका कपाळाचा घाम पुसत डावीकडे.

बाईंनी पहिली पट्टी वाचली. "रेकेरेके. हा कोण?"

"सगळ्यांत शूर," साहेब म्हणाले. "ज्वालामुखीच्या बेटाचा रक्षक."

"टाच," बाई म्हणाल्या.

"काय?"

"रेकेरेके म्हणजे टाच. पायाची." त्यांनी काठीने स्वतःच्या बुटाकडे दाखवलं आणि त्या पुढे सरकल्या. "तारिंगा. कान. मोएंगा. हा काय करतो?"

"हा कधीच झोपत नाही," साहेब जरा हळू म्हणाले.

"मोएंगा म्हणजे अंथरूण." बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यांनी तो आवरला आणि पुढची पट्टी वाचली. "हूपे? तुम्ही याचं नाव हूपे ठेवलंत? मुलं दुकानात जाऊन मोठ्यांदा मागतात?"

"बर्फाचा आहे तो. सर्दीच्या दिवसांत फार खपतो."

"खपणारच. हूपे म्हणजे शेंबूड."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी हूपेकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्यांना हूपे इतका ओळखीचा कधी वाटला नव्हता. बाई आता शेवटच्या खणापाशी पोचल्या होत्या, जिथे चार शिंगांचा सम्राट झगा पसरून एकटा उभा होता.

"आणि हा हामारारा," बाईंनी वाचलं. "हा अंधाराचा राजा."

"सम्राट," साहेबांनी दुरुस्ती केली. "का? काय झालं?"

बाईंनी काठी भिंतीला टेकवली, कपाटाला धरलं आणि त्या हसायला लागल्या, वर्गात मुलांसमोर इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं हसू एकदम सुटल्यासारख्या. "छत्री!" त्या कशाबशा म्हणाल्या. "छत्री हो! अंधाराची छत्री!" साहेब आधी अपमान झाल्यासारखे उभे राहिले, मग त्यांनी झग्याकडे नीट पाहिलं आणि तेही फुटले. वकीलबाईंनी फाइल तोंडापुढे धरली. काकांनासुद्धा वाटलं, चला, वाचलो.

तेवढ्यात बाईंना कोपऱ्यातलं पाकीट दिसलं. त्यात पाच किडे होते. सहा पायांचे, सरपटणारे, वीरांनी मारायचे.

"तिपुना," त्यांनी वाचलं. हसणं थांबलं होतं. "यांचं मुलं काय करतात?"

"चिरडतात," साहेब अजून डोळे पुसत होते. "वरून दाबलं की फुटतात. परत जोडता येतात. पाचाच्या पाकिटात मिळतात, फार मजा..."

बाई खुर्चीवर बसल्या. "तिपुना म्हणजे पूर्वज," त्या म्हणाल्या. "माझी आजी. तिची आजी. किती पिढ्या मागेपर्यंतची नावं मला पाठ आहेत, ते लोक. माझ्या नातवाने हे पाकीट मला आणून दाखवलं. म्हणून ते पत्र लिहिलं. शेंबडासाठी मी आले नसते."

मग वकीलबाईंनी फाइल पुढे केली. "बाई, यात हेतू नव्हता. आमच्याकडे पुरावा आहे. प्रत्येक नावाचा अर्थ माहीत नसल्याचा दाखला. तीनशे बारा."

बाईंनी दाखले चाळले. दहा चाळले, वीस चाळले. "म्हणजे आपल्याला माहीत नाही, हे तुम्ही तीनशे बारा वेळा लिहून ठेवलंत?"

"तीन प्रतींत," वकीलबाई म्हणाल्या.

"एक पोस्टकार्ड टाकून विचारलं असतं तर?"

हा प्रश्न अकरा वर्षांत कुणालाच पडला नव्हता. मग साहेबांचा आवाज चढला. "काका, हे तुमच्या डोक्यातून आलं कसं?"

काकांना खिडकीची खोली दिसली, फिरती खुर्ची दिसली, पितळी पाटी दिसली. आणि त्यांच्या मध्ये ते पाकीट दिसलं. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली.

"माझ्या डोक्यातून काही आलं नाही, साहेब," काका म्हणाले. "माझ्या डोक्यात खोक्यांची मापं आहेत. पुस्तक आहे एक. आणतो."

ते आले तेव्हा दोन्ही हातांवर शब्दकोश होता, रबरबँडांसकट. बाईंनी तो मांडीवर घेऊन उघडला आणि त्या एकेक पान उलटत गेल्या. प्रत्येक पानाची डावी बाजू बोटांनी काळवंडली होती, कडा झिजल्या होत्या, शब्दांखाली पेन्सिलीच्या खुणा होत्या. उजवी बाजू कोरी करकरीत. दोन्हींच्या मधोमध सरळ रेघ, चार बोटांच्या पट्टीने आखलेली.

"तुम्ही कधीच बघितलं नाहीत?"

"दाखला खोटा झाला असता," काका म्हणाले. "पान उलटताना मी वर बघायचो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सगळे प्रश्न सुवाच्य अक्षरात उतरवून उत्तरं कोरी ठेवणारा विद्यार्थी बघावा, तसं पाहिलं. राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"अकरा वर्षं आमची भाषा वाचलीत," त्या म्हणाल्या, "आणि नेमकी अर्धी." त्यांनी रबरबँड सोडवले, पट्टी काढून बाजूला ठेवली आणि पुस्तक काकांपुढे धरलं. "उभे राहा. वाचा."

"पण सही..."

"आता माहीत झालंच आहे. वाचा!"

काका उभे राहिले. आधी चाचरत वाचलं. एका शब्दाचा अर्थ पाऊस पडण्याआधीचा ढग होता, एकाचा बुडबुडा, एकाचा नाव वल्हवताना म्हणायचा आवाज. ज्या शब्दांना बादलीत तोंड घालून ते वर्षानुवर्षं हाका मारत आले होते, ते एकेक करून ओ देऊ लागले. काका थांबेनात. बाई उच्चार सुधारत होत्या, "लांबवा जरा, घाई कसली," म्हणत होत्या. साहेब एका बैठकीला निघून गेले. वकीलबाई दुसऱ्या बैठकीला गेल्या. जेवणाची सुट्टी आली आणि संपली.

निघताना बाई म्हणाल्या, "ते पाकीट आजच्या आज बंद. बाकीच्यांचं मी आमच्या मंडळींना विचारते. आणि पुढे नाव लागलं तर आधी विचारा. कुठला शब्द कुणाला शोभतो ते आम्ही सांगू. मुलांना खरी गोष्टही सांगता येईल."

साहेबांनी त्याच दिवशी तिपुनाची पाकिटं दुकानांतून परत मागवली. काका घरी आले ते हवेत तरंगत.

"काय म्हणाल्या बाई?" काकूंनी दारातच विचारलं. "धाडलं का तळघरात?"

"तळघर कसलं! आता तर खरं काम सुरू होणार. अगं, हामारारा म्हणजे छत्री!"

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "रविवारपासून पोटात ठेवलंय."

पुढचे दोन महिने काका दर गुरुवारी दुपारी बाईंकडे जात. वही घेऊन बसत. संघातल्या मंडळींनी यादी वाचली. काही नावं काढून टाकायला सांगितली आणि छत्री, टाच, अंथरूण वगैरेंना पोट धरून परवानगी दिली. काकांनी नव्या वर्षाच्या वीरांसाठी चाळीस शब्द निवडले. प्रत्येकापुढे अर्थ, अर्थापुढे तो शब्द त्या वीराला का शोभतो याच्या चार ओळी आणि खाली बाईंची सही. दाखल्यांच्या जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेली ती चाळीस पानं त्यांनी नीट शिवून साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्या पानांवर आपली खुर्ची टिकणार की नाही हे ठरायचं आहे, हे काकांना माहीत होतं आणि या वेळी त्यांना भीती वाटत नव्हती. असं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

साहेबांनी पानं चाळली. "छान आहे," ते म्हणाले. वकीलबाई म्हणाल्या, छान आहे, पण विचारायचं म्हटलं की उत्तराची वाट बघावी लागते. आणि नंबराला ना अर्थ असतो, ना मालक.

नव्या वर्षापासून वीरांना नंबर द्यायचं ठरलं. वीर एक, वीर दोन, असे. नामकरण विभाग बंद झाला, खिडकीच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन आलं आणि काका तळघरात गेले. खेळण्यांचा खप होता तेवढाच राहिला.